खाली सही करणारा

दिनकरराव सोनटक्के साठीला टेकले तेव्हा जमैकाच्या बँडांवरून भांडत होते, हे त्यांच्या ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. माणूस तसा नव्हताच मुळी. वर्ध्याहून दिल्लीला कारकून म्हणून आला, उभा जन्म फायलींवर टिपणं लिहून सेक्शन ऑफिसर झाला, आणि नोएडाच्या सेक्टर चौतीसमध्ये सरकारी नोकरांच्या सोसायटीत फ्लॅट लागला तेव्हा वास्तुशांतीलासुद्धा लाउडस्पीकर लावू दिला नाही. संगीत म्हणजे त्यांच्या लेखी शेजाऱ्याला दिलेला त्रास. पण माणसावर कधी काय वेळ येईल, काही सांगता येत नाही.

वेळ आली ती अशी. घरात ते एकटे पडले होते. बायको सुमित्रा काविळीने गेली, आणि तिच्यामागून वर्षाच्या आत एकुलता एक मुलगा धीरज अमेरिकेला निघून गेला. त्या सुमारास ज्याला म्हणून कॉम्प्युटर येत होता त्याला अमेरिका उचलून नेत होती, तेव्हा लोकांना वाटलं, नोकरीसाठी गेला. दिनकररावही तसंच सांगत. खरं कारण बापलेकांनाच ठाऊक होतं, आणि त्यावर दोघंही अवाक्षर काढत नव्हते.

कारण होतं ट्रम्पेट. धीरजने कॉलेजात असताना लग्नाच्या एका बँडवाल्याकडून जुनं ट्रम्पेट मिळवलं होतं आणि त्यावर तो स्का वाजवायचा. स्का म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण दिनकररावांनाही ते कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. जमैका बेटावर एकोणीसशे साठच्या सुमारास निघालेलं हे नाचाचं संगीत. पुढे पितळी वाद्यं, मागे गिटार, आणि गिटारचा फटका ठेक्यावर पडायचा सोडून दोन ठेक्यांच्या मधल्या फटीत पडतो. एक म्हटलं की गिटार गप्प, आणि दोन म्हणायच्या आत च्यक. दिनकररावांना पहिल्यांदा ऐकल्यावर वाटलं, टेप बिघडलीय. सुमित्राला मात्र ते फार आवडायचं. मेथी निवडता निवडता ती पाय हलवायची आणि म्हणायची, "अहो, ह्यानं पाय जमिनीवर म्हणून ठरत नाही."

ती गेली आणि घर वर्ध्याच्या नातेवाइकांनी भरलं. सुतक अजून फिटायचं होतं. एका संध्याकाळी गच्चीवरून ट्रम्पेट ऐकू आलं, तिच्या आवडीचंच. आता त्या पोराच्या मनात काय होतं ते कळायला फार शहाणपण लागत नाही. पण दिनकरराव चार माणसांत बसले होते, थोरल्या वहिनी तोंडाला पदर लावून बघत होत्या, आणि चार माणसं बघायला लागली की आपल्याकडे भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. ते गच्चीवर गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आईला जाऊन अजून दिवस पुरे झाले नाहीत आणि तू पिपाणी वाजवतोस? मी जिवंत आहे तोवर हे वाजंत्र्याचं सामान ह्या घरात दिसता कामा नये." धीरजने ट्रम्पेट पेटीत ठेवलं, पेटी मित्राकडे नेऊन ठेवली, आणि काही महिन्यांनी पेटीसकट विमानात बसला. त्यानंतर तो आलाच नाही.

शब्द म्हणजे काय फाईल आहे, मागवून घ्यावी आणि वर ‘रद्द’ लिहून परत पाठवावी? दिनकररावांचा राग आठवड्यातच उतरला होता. पण उतरला हे पोराला कळवायचं कसं, याचा काही नमुना त्यांच्याजवळ नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत. दर रविवारी सकाळी धीरजचा फोन यायचा, न चुकता.

"हॅलो बाबा."

"हं. कसा आहेस?"

"ठीक. तुम्ही?"

"ठीकच. थंडी आहे का तिकडे?"

"आहे. तिकडे?"

"इकडेही आहे."

थंडी संपली की जेवण, जेवण संपलं की "बाकी काय". तेवढ्या वेळात ‘घरी ये’ हे शब्द दिनकररावांच्या ओठांशी येऊन थांबायचे. तेवढ्यात धीरज "चलो बाबा, ठेवतो" म्हणायचा, आणि ते म्हणायचे, "बरं." मग सबंध रविवार समोर पडलेला असायचा. खाली मोकळ्या प्लॉटवर पोरं क्रिकेट खेळायची, नव्या टॉवरांच्या बांधकामाची धूळ खिडकीच्या जाळीवर बसायची, आणि दिनकरराव फडक्याने जाळी पुसत राहायचे.

प्रणिता ही त्यांच्या चुलतभावाची मुलगी, हिंगणघाटची. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीत राजेंद्रनगरला खोली घेऊन परीक्षेची तयारी करत होती. मेसच्या राजम्याचा वीट आला की रविवारी काकांकडे यायची, स्वतःच पिठलं टाकायची, आणि जेवता जेवता काकांना बोलतं करायचा प्रयत्न करायची. एकदा भात वाढताना ती सहज म्हणाली, "काका, दादा इंटरनेटवर किती लिहितो हो. रोजच्या रोज."

"काय लिहितो?"

"गाण्यांबद्दल. स्काची एक साइट आहे, जगभरातले वेडे जमतात तिथे. हा कोणता बँड चांगला, तो कसा बेकार, असं भांडत बसतात. दादा म्हणजे त्यांच्यातला मुखिया आहे बिल्कुल."

दिनकररावांचा घास हातातच राहिला. फोनवर थंडीपलीकडे न जाणारा मुलगा रोज लिहितो, आणि तेही अनोळखी लोकांना. त्यांना आधी वाईट वाटलं आणि लगेच हावही सुटली. ताट तसंच ठेवून ते म्हणाले, "दाखव मला."

मार्केटात नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता. प्लायवुडची खोपटी, त्यात एकेक कॉम्प्युटर, आणि कीबोर्डवर चिकट काहीतरी सांडलेलं. प्रणिताने साइट उघडून दिली. तिथे कुणी खऱ्या नावाने लिहीत नसे. कॉव्हेन्ट्रीचा एक बसड्रायव्हर होता, ओसाकाची एक दातांची डॉक्टरीण होती, आणखीही बरेच होते. धीरजने स्वतःचं नाव घेतलं होतं, ‘सेक्टर चौतीस’. दिनकरराव त्या नावाकडे बघतच राहिले. न्यू जर्सीत बसलेल्या पोराने घराचा पत्ता नाव म्हणून लावला होता, आणि घरी यायचं मात्र तोंड नव्हतं. म्हणजे तोंड कुणी ठेवलं नव्हतं, हे त्यांना त्या खोपट्यात बसून पुरतं कळलं.

मग त्यांना चटकच लागली. ऑफिसातून चार्टर्ड बसने परत येताना बाकीचे पत्ते कुटायचे, आणि हे डोळे मिटून आज मुलाने काय लिहिलं असेल याचा विचार करायचे. बसमधून उतरले की घरी जायच्या आधी कॅफेत. वाचलेलं निम्मं डोक्यावरून जायचं. तेव्हा त्यांनी माळ्यावरून धीरजच्या कॅसेटी काढल्या, टू-इन-वनला नवीन सेल घातले, आणि रीतसर अभ्यासाला बसले. पहिले काही दिवस ते कानांवर अत्याचार म्हणूनच सहन केलं. पुढे पुढे एक गंमत व्हायला लागली. कुकरची शिट्टी मोजताना, बसच्या दांड्याला धरून उभं असताना, बोटं आपोआप उलट्या फटीत पडायला लागली. आणि एका संध्याकाळी दिनकरराव सोनटक्क्यांना स्वतःचं असं मत झालं. त्यांना स्कॅटलाइट्स आवडायला लागले, जमैकातले जुने बँडवाले. त्यात कुणालाच घाई नाही. ट्रॉम्बोन उठतो, आपलं म्हणणं मांडतो आणि बसतो. मग सॅक्सोफोन उठतो. कुणी कुणाला मधेच तोडत नाही. मीटिंग असावी तर अशी, असं त्यांना वाटलं.

मत झालं की माणसाला ते सांगावंसं वाटतंच. धीरजने त्या आठवड्यात लिहिलं होतं की जमैकाचं ठीक आहे, पण खरा स्का इंग्लंडमध्ये झाला. स्पेशल्ससारख्या बँडांनी त्यात राग ओतला म्हणून तो जिवंत झाला. दिनकरराव कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत बसले. इंग्रजी त्यांना एकच येत होतं, टिपणावर लिहायचं. तेव्हा त्यांनी लिहिलं ते मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘विषय: स्का संगीतातील रागाच्या आवश्यकतेबाबत. उपरोक्त विषयी आपल्या लेखाच्या संदर्भात, खाली सही करणारा असे नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो की, राग हा घटक सदर संगीतात मूलतः नव्हता व त्यावाचून कोणाचे काही अडलेही नव्हते. तरी याचा फेरविचार व्हावा, ही विनंती.’ आणि खाली सही करायची वेळ आली तेव्हा घाबरून ते नुसतंच पाठवून दिलं. सही केलीच नाही.

साइटवर हसण्याचा नुसता धुमाकूळ माजला. लोकांना वाटलं, कुणी मुद्दाम सरकारी बाबूची नक्कल करतोय. बसड्रायव्हरने लिहिलं की इतका झकास विनोदी माणूस वर्षात पाहिला नाही, आणि त्याचं नावच ठेवलं, ‘अंडरसाइन्ड’, म्हणजे खाली सही करणारा. दिनकररावांचे कान तापले. पण थोड्या वेळाने धीरजचं उत्तर आलं, आणि त्यात हसणं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, ‘सर, तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण त्या पोरांच्या गावातले कारखाने बंद पडत होते, हाताला काम नव्हतं, आणि घरात कुणी ऐकून घेणारं नव्हतं. राग कुठेतरी निघणारच ना?’

असं सुरू झालं ते. काय सांगावं, त्या दोघांचं जे जमलं ते घरात बावीस-तेवीस वर्षांत जमलं नव्हतं. मॅडनेस हा बँड दिनकररावांच्या मते वात्रट खरा, पण घरंदाज. धीरज म्हणायचा, तुम्हाला तो फक्त सूट घालतो म्हणून आवडतो. अमेरिकेतले नवे बँड ट्रम्पेटाचा उपयोग आरडाओरड करायला करतात, असं दिनकररावांनी ‘खेदपूर्वक नमूद’ केलं तेव्हा धीरजने चार दिवस किल्ला लढवला आणि पाचव्या दिवशी कबूल केलं की त्यातले दोनच ऐकण्याजोगे आहेत. घरी असता तर पहिल्याच वाक्याला एकाने पेपर उचलला असता आणि दुसऱ्याने चप्पल घातली असती. इथे अंडरसाइन्ड चुकला तरी चालायचं. सेक्टर चौतीसनेही कधी आवाज चढवला नाही.

एकदा ओसाकाच्या डॉक्टरणीने विचारलं, प्रत्येकाने सांगा, पहिल्यांदा स्का कुणाबरोबर ऐकला? धीरजने लिहिलं, ‘आईबरोबर. तिला इंग्रजी येत नव्हतं, जमैका कुठे आहे माहीत नव्हतं, पण तिचा ठेका कधी चुकला नाही. ती गेल्यावर तिच्यासाठी एकदाच वाजवलं, अर्धंच.’

दिनकररावांनी ते वाचलं. खिशात रुमाल नव्हता, त्यांनी मफलरने डोळे पुसले. शेजारच्या खोपट्यात कुणीतरी खिदळत होतं. आता काही लिहायचं तर काय लिहायचं? माझी चूक झाली, हे इंग्रजी टिपणात कसं लिहितात ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बराच वेळ बसून त्यांनी लिहिलं, ‘उपरोक्त माहितीची नोंद घेण्यात आली आहे. खाली सही करणाऱ्यास अधिक काही म्हणावयाचे नाही.’ त्यावर धीरजने दोनच शब्द लिहिले, ‘थँक यू.’

पुढच्या रविवारी फोनवर पुन्हा थंडी आणि जेवण. दिनकररावांना वाटलं, ह्याला आत्ता सांगावं की अर्धं का होईना, मी ऐकलं होतं रे. त्यांनी विचारलं, "स्वेटर घालतोस ना?"

प्रणिता मागे लागली होती. "काका, सांगून टाका ना त्याला. किती दिवस हे लपूनछपून?"

"सांगितलं तर उठून जाईल."

"आणि ओळखलं असेल तर?"

"ओळखलं असतं तर त्याच दिवशी गेला असता," दिनकरराव म्हणाले. "बापाशी कोण एवढं बोलतं?" असं म्हणून त्यांनी तिच्या पानात आणखी पिठलं वाढलं, म्हणजे तिचं तोंड बंद राहावं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण सहज म्हणतो. पण ज्याच्या काखेत असतो त्याला तो दिसत नाही, ही त्यातली खरी गोम आहे.

जानेवारीत धीरजने अंडरसाइन्डला वेगळा, खाजगी निरोप पाठवला. कंपनी मला बंगलोरला पाठवते आहे, त्याने लिहिलं होतं. परतताना एक दिवस दिल्लीत थांबतो. तुम्ही दिल्लीकडचे आहात असं एकदा म्हणाला होतात. भेटू या का? नोएडाला सेक्टर अठरात एक नवीन कॉफी शॉप झालंय म्हणे, शनिवारी अकरा वाजता. मी वाट बघेन, सर.

दिनकररावांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आधी आनंद झाला, पोरगा येतोय. मग आठवलं. मागच्याच रविवारी फोन झाला होता, त्यात बंगलोर नाही की दिल्ली नाही. चार वर्षांनी देशात येणार, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर येऊन कॉफी पिणार, एका परक्या माणसाबरोबर, आणि बापाला पत्ता नाही. पुढच्या रविवारी त्यांनी फोनवर मुद्दाम विचारलं, "इकडे यायचं काही दिसतं का?"

"बघू बाबा," धीरज म्हणाला. "तुम्ही काय म्हणता?"

आता ह्याला काय म्हणायचं असतं? कुणी शहाणा असता तर म्हणाला असता, ये. दिनकरराव म्हणाले, "तुझ्या सोयीनं."

प्रणिताला सांगितलं तेव्हा ती उडालीच. "काका, तुम्ही साइटवर नोएडा कधी लिहिलं होतं? दिल्ली लिहिलं होतं ना? मग त्याने नोएडाच का निवडलं?"

"त्याचं बालपण इथलं. आठवण येत असेल."

"ते काही नाही, तुम्ही जायचं म्हणजे जायचं. समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मीच तो. काय व्हायचं ते होऊ दे."

जायचं त्यांनी ठरवलंच होतं. शनिवारी सकाळी दाढी दोनदा केली, इस्त्रीची पँट चढवली, कोट घातला, आणि आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं, "धीरज, मीच तो. घरी चल." म्हणता आलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा आलं. नोएडाचं धुकं त्या दिवशी असं होतं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. तेव्हा माकडटोपी चढवली, वर मफलर गुंडाळला, आणि सायकलरिक्षात बसले. वाटेत तोंडातल्या तोंडात तेच शब्द घोळवत होते. रिक्षावाल्याने एकदा मागे वळून "जी?" असंसुद्धा विचारलं.

कॉफी शॉपला रस्त्याच्या बाजूने सबंध काच होती, खालून निम्मी वाफेने धुरकटलेली. दिनकरराव रिक्षा थांबवून काचेपाशी गेले, आणि त्यांना धीरज दिसला. भिंतीजवळच्या टेबलावर एकटाच बसला होता. वाळला होता. कपाळावरचे केस मागे सरकले होते, सुमित्राच्या भावाचे सरकले होते तसेच. समोरची खुर्ची त्याने बाहेर ओढून ठेवली होती, कुणी येऊन सरळ बसावं म्हणून. आणि तो दाराकडे बघत होता.

त्या बघण्याने घात केला. असा चेहरा दिनकररावांनी त्याचा पाचवीत असताना शेवटचा पाहिला होता, वर्ध्याहून आजोबा यायचे असत तेव्हा. तो चेहरा त्या परक्या माणसासाठी होता. अंडरसाइन्डसाठी. आत कोण जाणार? सुतकात सगळ्यांदेखत पिपाणी म्हणणारा बाप. दार उघडलं की हा चेहरा विझणार, आणि मग दोघं समोरासमोर बसून थंडी किती आहे ते बोलणार. नंतर साइटवरही कुणी येणार नाही. आहे तेवढंही जाईल.

तेवढ्यात धीरजने हात वर केला. दाराशी वेटर उभा होता. दिनकररावांना वाटलं, कंटाळला, बिल मागवतोय. माकडटोपी आणि मफलरमधून आपले नुसते डोळे दिसत होते, आणि काचही धुरकट, तेव्हा आपल्याला कुणी ओळखणं शक्य नाही, याची त्यांना खात्री होती. ते वळले, रिक्षात बसले आणि म्हणाले, "चलो भैया, वापस."

रिक्षा सरळ कॅफेवर नेली. तिथे बसून त्यांनी लिहिलं, ‘अपरिहार्य शासकीय कारणास्तव खाली सही करणारा आज उपस्थित राहू शकला नाही, याबद्दल तीव्र दिलगिरी. पुढील भेटीची तारीख कृपया कळवावी.’ शनिवारी कसली आली शासकीय कारणं? पण लिहिलं. संध्याकाळपर्यंत तीनदा जाऊन बघितलं. उत्तर नव्हतं. घरी येऊन त्यांनी कॅसेट लावली आणि लगेच बंद केली. प्रणिताचा फोन आला तेव्हा म्हणाले, "नाही जमलं." तिने लगेच फोन ठेवला, आणि ते त्यांना जास्त लागलं.

रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

"हॅलो बाबा."

"हं. कसा आहेस?"

धीरज ठीक म्हणाला नाही. त्याच्यामागे गजबज होती, कसल्यातरी घोषणा चालू होत्या. मग त्याने विचारलं, "काल काचेपर्यंत आलात, मग आत का नाही आलात?"

"तू... तुला कसं..."

"माकडटोपीत ओळखू येत नाही असं वाटलं तुम्हाला? आईने विणलीय ती. माझ्यासमोर विणलीय."

"म्हणजे तुला माहीत होतं? अंडरसाइन्ड..."

"पहिल्या दिवसापासून," धीरज म्हणाला. "लहानपणी माझ्या शाळेतल्या रजेच्या चिठ्ठ्या कोण लिहायचं बाबा? ‘खाली सही करणाऱ्याच्या मुलास ताप असल्याने.’ सगळा वर्ग हसायचा. जगात दुसरा कोण लिहील असं?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही माझ्याशी बोलत होतात ना. मी बोललो असतो तर तुम्ही बंद केलं असतंत."

बापलेकांनी एकच भीती धरून ठेवली होती, आणि दोघांनाही ती आपलीच वाटत होती. धीरज पुढे बोलायला लागला, भराभर, साइटवर लिहायचा तसा. "मला वाटलं, घरी बोलावणार नाही तर नाही, बाहेर तरी भेटतील. म्हणून जवळचं निवडलं, की तुम्हाला फार लांब यायला नको. तुम्ही आलात. मला बघितलंत. आणि परत गेलात. मी बाहेर येईपर्यंत रिक्षा धुक्यात गेली होती. मग मी म्हटलं, अच्छा, म्हणजे लिहिण्यापुरतं ठीक आहे, पण तोंड बघायचं नाही अजून. राग गेला नाही."

"राग कसला रे," दिनकरराव म्हणाले. "तो आठवड्यातच गेला होता. तू हात वर केलास ना, मला वाटलं, वेटरला बोलावतोयस. उठून चाललास."

"वेटरला नव्हतो बोलावत, बाबा. तुम्हाला बोलावत होतो."

दिनकररावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आत्ता कुठे आहेस? तिथेच थांब. मी येतो. नाहीतर तूच घरी ये. ट्रम्पेट घेऊन ये, काय वाजवायचं ते वाजव, मी बसतो ऐकत. घरी ये."

"फ्रँकफर्टला आहे बाबा," धीरज म्हणाला. "रात्रीच निघालो. आता पुढचं विमान लागतंय."

"मग पुढच्या वेळी ये."

"बघू. रजा कधी मिळते ते..." एवढंच ऐकू आलं. मागची घोषणा मोठी झाली, आधी जर्मन भाषेत आणि मग इंग्रजीत, कुठल्याशा दाराकडे यायला सांगत होती. दिनकरराव त्या आवाजाच्या वर आपला आवाज काढून "ये, ये" म्हणत राहिले. फोन चालू होता की बंद झाला होता, हेही त्यांना कळत नव्हतं.